मोठ्यानं वाचलेला पंचनामा

पोलीस खात्यात माझी ओळख दोन गोष्टींवर होती, अक्षर आणि आवाज. अक्षर असं की आमचे फौजदारसाहेब माझ्या हातचा कागद वर पाठवताना स्वतःच लिहिल्यासारखे ऐटीत असायचे. आणि आवाज असा की ठाण्यात मी कुणाचा जबाब वाचून दाखवायला लागलो की समोरच्या हॉटेलातली माणसं कप खाली ठेवून ऐकायची. आमची मंडळी, म्हणजे माझी बायको सुंदरा, अजून म्हणते, "यांनी कानात गुपित सांगितलं तर शेजारीण हुंकार देती." आता ऐंशी ओलांडली. हात थरथरतो, म्हणून हा मजकूर नातीला सांगून लिहून घेतोय. आवाज तेवढा शाबूत आहे. ती लिहिताना दोनदा म्हणाली, "आजोबा, हळू. मी इथंच बसलेय."

ठाण्यात लिखापढी करणाऱ्या हवालदाराला राइटर म्हणतात. मी राइटर. आईबापांनी ठेवलेलं नाव चाकणात कुणाला ठाऊक नव्हतं, लहानथोर सगळे राइटरच म्हणायचे. मूळचा मी पिंपळे गुरवचा. तेव्हा ते गाव होतं हो, खरंखुरं गाव, नदी, मळे आणि चार आळ्या. पिंपरीला कारखान्यांच्या चिमण्या नुकत्या दिसायला लागल्या होत्या. माझे चुलतभाऊ कारखान्यात चिकटले, 'शिफ्ट' आणि 'ओव्हरटाइम' असले शब्द घरी आणायला लागले. मी मात्र निळी अर्धी चड्डी चढवली, पायाला पट्ट्या गुंडाळल्या आणि सायकलला ट्रंक बांधून चाकणला हजर झालो. राहायला पोलीस लाइनीत दोन खोल्या. आज त्या रस्त्यानं नातवाच्या गाडीतून जातो तर दोन्ही बाजूंना कंपन्यांची फाटकं. मी नातवाला म्हणतो, "इथं ज्वारी होती रे." तो म्हणतो, "हो आजोबा, मागच्या वेळीपण सांगितलंत."

पन्नासचं दशक संपत आलं आणि तो नवा कायदा लागू झाला. स्त्रिया आणि मुलींचा अनैतिक व्यापार बंद करण्याचा कायदा, असं त्याचं लांबलचक नाव. आधी मुंबई इलाख्याचा वेगळा कायदा होता. हा सगळ्या देशाला एकच. फौजदारसाहेबांनी त्याची प्रत माझ्या टेबलावर टाकली आणि म्हणाले, "राइटर, वाचा आणि मला सोप्या भाषेत सांगा." मी रात्रभर वाचून सकाळी सांगितलं, "साहेब, बाईनं धंदा केला तर तेवढ्यानं गुन्हा होत नाही. तिच्या जिवावर दुसऱ्यानं जगणं गुन्हा. कुंटणखाना चालवणं गुन्हा. फसवून, विकत घेऊन आणणं तर मोठाच गुन्हा. आणि शाळा-देवळाजवळ, रहदारीच्या जागी चालला तर मग बाईसुद्धा अडकते."

साहेब म्हणाले, "म्हणजे बाईला धरायचं का नाही?"

"सोडवायचं, साहेब."

"सोडवून ठेवायचं कुठं?"

त्याचंही उत्तर कायद्यात होतं. एकवीस वर्षं पुरी होईपर्यंत कायद्याच्या लेखी ती 'मुलगी'. सोडवलेल्या मुलीला मॅजिस्ट्रेटसमोर न्यायचं, आईबाप शोधायचे, ते नीट असतील तर त्यांच्या हवाली करायची. नाहीतर रक्षणगृहात. कागदावर हे फार छान वाटलं. मला तर वाटलं, चला, पोलिसाच्या हातून एक पुण्याचं काम होणार.

पण त्यात दोन मेखा होत्या. एक, अशी झडती ठाण्यातल्या कुणालाही घेता येत नव्हती, त्यासाठी खास नेमलेला अधिकारी पुण्याहून यायचा. आता त्यांची जीप नाशिक रस्त्याला लागली की चाकणची कुत्री आधी भुंकायची. आम्ही पोचेपर्यंत बायका देवळात, गिऱ्हाइकं पसार. एकदा तेवढा एक प्रतिष्ठित गृहस्थ शेजारच्या कांद्याच्या वखारीत लपलेला सापडला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. म्हणाला, "मी भाव इचारायला आलो व्हतो." मी म्हटलं, "भाव ऐकूनच रडू आलं असेल." पुण्याचे साहेब हसले नाहीत, पण जीपमध्ये बसल्यावर त्यांचे खांदे हलताना मी पाहिले.

दुसरी मेख मोठी होती. झडतीला त्याच वस्तीतले दोन प्रतिष्ठित पंच लागत, आणि त्यातली एक बाई हवीच. आता सांगा, त्या काळात कुठल्या घरची बाई असल्या घराची पायरी चढायला तयार होणार? मी पाटलांच्या घरी विचारलं, त्यांनी चहासुद्धा दिला नाही. शेवटी घरी येऊन सुंदराला विचारलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुमास्नी लाज न्हाई, पर मला हाय. मी त्या घराच्या सावलीलाबी जायची न्हाई. पुन्यांदा इचारू नका." मी पुन्हा विचारलं नाही.

आणि मग हमीदाबी आली.

हमीदाबी म्हणजे बांगडीवाली, चाकणच्या मणियारांच्या घरातली. पन्नाशीची, सडपातळ, डोक्यावर बांगड्यांची पाटी आणि तोंडात पान. चाकणपासून पार पुनावळ्यापर्यंत तिची गावं होती, सणासुदीला पुण्याच्या पेठांतही जायची. गावाकडची रीत तरुण वाचकांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. बांगड्या भरून झाल्या की बाई, मग ती पाटलीण असो नाहीतर ब्राह्मणीण, भरणाऱ्याला वाकून नमस्कार करते. सौभाग्याचं लेणं हातात घातलं म्हणून. समोर हिंदू कासार आहे का मुसलमान मणियार, कुणी बघत नाही. सुंदरा दर सणाला हमीदाबीला असाच नमस्कार करायची आणि ती तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायची, "जीती रह बेटी, हात भरलेले राहू देत."

त्या दिवशी ती ठाण्यात आली, पाटी खाली ठेवली आणि माझ्या टेबलाला टेकून उभी राहिली. म्हणाली, "राइटरसाहेब, मी तीस साल घराघरांत फिरते. एका घरचं दुसऱ्या घरात कधी नेलं न्हाई. सासू सुनेचं सांगते, सून सासूचं सांगते, माझं तोंड पानात बंद. आज पहिल्यांदा आणते. तुमच्या भरवशावर."

नाशिक रस्त्याला सरूअक्काचं घर होतं. आम्हाला ठाऊक असलेलंच. हमीदाबी तिथंही बांगड्या भरायला जायची. "हात सगळ्यांचे सारखेच," ती म्हणायची. आठ दिवसांपूर्वी तिथं नवी मुलगी दिसली होती. सरूअक्का समोरच बसलेली, त्यामुळं बोलायची सोय नाही. पण बांगडी चढवताना हात हातात घ्यावाच लागतो. बाहेरच्या माणसाला त्या घरातल्या बाईचा हात धरायची परवानगी असेल तर ती फक्त बांगडीवालीला. मुलीचा हात कापणी-खुरपणी केलेला, घट्टे पडलेला. हमीदाबीनं तो दाबून मऊ करायला घेतला, तर मुलीनं उलट तिचीच बोटं आवळली. सोडेचना. सरूअक्का पानाला चुना लावायला वळली, तेवढ्यात ती पुटपुटली, "मला हितनं न्या."

"बारा बांगड्या भरल्या मी," हमीदाबी म्हणाली, "बाराही वेळा तिनं हात आवळला."

मी विचारलं, "भाभी, झडतीला पंच म्हणून याल?"

"येते की. मी तर तिथं जातेच."

पुण्याच्या साहेबांना मी सुचवलं, जीप नको. बाजाराच्या दिवशी धोतर नेसून एस्टीनं या. बाजारात दहा गावची माणसं असतात, अकरावं कोण ओळखतंय? ही माझी अक्कल, आणि तिचा मला फार गर्व झाला होता. साहेब आले, डोक्याला पटका, हातात पिशवी. भर दुपारी, बाजार ऐन रंगात असताना आम्ही सरूअक्काच्या दारात. दुसरा पंच एक किराणा दुकानदार होता, तो पूर्ण वेळ डोळे मिटून उभा राहिला. पण हमीदाबी सरळ आत गेली, माजघराच्या मागची खोली दाखवली, आणि मुलीचा हात धरून बाहेर आली.

तिचं नाव हौसा. हे नाव मी बदललेलं नाही. तिची परवानगी आहे. गाव सांगणार नाही. एवढंच सांगतो की मराठवाड्याकडची. एकोणीस वर्षांची. पिंपरीच्या कारखान्यात बाटल्या धुवायचं काम आहे, राहायला खोली आहे, असं सांगून एका माणसानं तिला गाडीत घातलं होतं. तिच्या बापानं त्या माणसाच्या पाया पडून मुलगी त्याच्या हवाली केली होती. तो दलाल आम्हाला शेवटपर्यंत सापडला नाही. ती खंत वेगळीच.

आता माझं काम सुरू झालं. पंचनामा म्हणजे काय, तर जागेवर जे दिसलं ते पंचांदेखत लिहायचं, त्यांना वाचून दाखवायचं आणि सह्या-अंगठे घ्यायचे. 'वाचून दाखविला, बरोबर आहे' हे वाक्य नसेल तर कोर्टात तो कागद रद्दी. घरात अंधार होता म्हणून मी बाहेर ओट्यावर बसलो. टाक, दौत, मांडीवर पाट. तासभर लिहिलं. असा पंचनामा मी जन्मात लिहिला नव्हता. खोली किती लांब, दाराला कडी कुठल्या बाजूनं, मुलीच्या अंगावर काय, एकेक गोष्ट जागच्या जागी. तोवर ओट्यासमोर अर्धा बाजार जमला होता.

मी उभा राहिलो आणि वाचायला लागलो.

मोठ्यानं वाच असं मला कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांनी नाही, फौजदारांनी नाही. पंच दोन हातांवर उभे होते, कुजबुजलो असतो तरी त्यांना ऐकू गेलं असतं. पण समोर दोन-तीनशे माणसं, आणि मी तो पंचनामा लिहिलेला! खणखणीत आवाजात वाचलं हो मी. मुलीचं नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. कुठून आणली, कुठं ठेवली. कागदावर होतं ते सगळं. पार बैलबाजारापर्यंत आवाज गेला असणार.

हौसा तोवर हमीदाबीचा हात धरून ताठ उभी होती. गावाचं नाव आलं तशी तिनं पदर तोंडावर ओढला आणि मटकन खाली बसली.

मी शेवटपर्यंत वाचलं. माझं लक्षच नव्हतं.

अंगठा उठवून झाल्यावर हमीदाबी माझ्याकडं बघत राहिली. "राइटरसाब, ये क्या किया?"

"कायदा आहे, भाभी. वाचून दाखवावंच लागतं."

"कायदा वाचून दाखव म्हणतो," ती म्हणाली. "ओरडून दाखव म्हणतो का?"

मी हसण्यावारी नेलं. पण त्या गर्दीत एक बैलांचा व्यापारी उभा होता, हौसाच्या गावाच्या शेजारचाच. हे मला पंधरा दिवसांनी कळलं.

तालुक्याच्या कोर्टात केस उभी राहिली. सरूअक्कानं पुण्याचा वकील दिला होता. हमीदाबी साक्षीला पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा त्यानं विचारलं, "तू त्या घरात आधीपासून जात होतीस?"

"जी. बांगड्या भरायला."

"तिथं काय चालतं ठाऊक होतं?"

"होतं."

"मग तू प्रतिष्ठित कशी?"

हमीदाबीनं पदर सारखा केला. "वकीलसाहेब, मी चाकणच्या प्रत्येक घरात जाते. वाड्यात जाते, झोपडीत जाते. तुमच्या पुण्यातल्या पेठांतबी जाते. कुणाच्या घरचं माप काय, ते सांगू इथं?" मग स्वतःच मान हलवली. "न्हाई. एका घरचं दुसऱ्या घरात मी सांगत न्हाई." मॅजिस्ट्रेटसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला. वकील खाली बसले. सरूअक्काला शिक्षा झाली, ती पुढं वरच्या कोर्टातही टिकली. माझ्या पंचनाम्याची तारीफ निकालात लिहून आली. ते वाक्य मला अजून पाठ आहे आणि ते मी कुणालाही म्हणून दाखवत नाही.

कारण त्याच कोर्टात हौसाचा बाप आला होता.

आम्हीच पत्र पाठवून बोलावलं होतं. दोन दिवसांचा प्रवास करून आला, काटकुळा माणूस, हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं. मी त्याला चहा पाजला, धीर दिला. म्हटलं, साहेब विचारतील, तुम्ही फक्त हो म्हणा, अंगठा द्या, मुलगी घेऊन जा. संध्याकाळच्या गाडीनं घराकडं निघाल. तो मान हलवत होता. मला वाटलं, हो म्हणतोय.

हौसा समोर उभी होती. बापाला बघून तिचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येत नाही. मॅजिस्ट्रेटनं विचारलं, "ही तुमची मुलगी?"

बाप जमिनीकडं बघत म्हणाला, "न्हाई जी. ही माझी न्हाई."

"नीट बघून सांगा."

"बघितली. न्हाई."

हौसा ओरडली नाही, रडली नाही. "आबा," एवढंच म्हणाली. त्यानं वर बघितलं नाही.

मी त्याला कोर्टाच्या बाहेर लिंबाखाली गाठला. त्याचा दंड धरून म्हटलं, "अहो, माणूस आहात का कोण? पोटची पोर आहे!" तो खाली बसला, हात जोडले. म्हणाला, "सायेब, माझी हाय. माझीच हाय. पर मागं दोन पोरी हायेत लग्नाच्या. मी मनात ठरवून ठिवलं व्हतं, कामावरनं माघारी आली म्हनून सांगीन. कुनाला काय कळनार व्हतं? पर बाजारात वाचून दाखवलं म्हने. आमच्या नावासकट. गावात मी निघायच्या आदी बोभाटा झाला. आता ही घरात आली तर त्या दोघींच्या दारात कोन उभं राहनार न्हाई." मग त्यानं गाठोडं माझ्या हातात दिलं. आत नवंकोरं लुगडं होतं, हिरवं. "घिऊन आलतो तिला. आता तुमीच द्या."

माझा आवाज, ज्याचं मी एवढं कौतुक करून घेतलं, त्यानं एका पोरीचं घर बंद केलं होतं. दलालानं तिला घरातून नेलं, पण परतीची वाट मी बुजवली. याला कायद्याचं कुठलंही कलम लागत नाही. लागलं असतं तर बरं झालं असतं.

हौसा रक्षणगृहात गेली, एकवीस पुरी होईपर्यंत. उंच भिंत, फाटकाला कुलूप. ज्या मुलीला मी सोडवलं म्हणत होतो, ती सरूअक्काच्या कडीतून निघून सरकारच्या कुलपात गेली. तिथल्या बाई चांगल्या होत्या, लिहायला वाचायला शिकवत, शिवण शिकवत. पण कुलूप ते कुलूप.

हमीदाबीनं माझ्याशी बोलणं सोडलं. आमच्या लाइनीत ती यायची, बाकी सगळ्या घरी बसायची, माझ्या दारावरून पुढं जायची. सणाला सुंदराचे हात तसेच. सवाशिणीनं ओकं मनगट ठेवू नये, म्हणून ती चिंचवडला माहेरी जाऊन बांगड्या भरून आली. आल्यावर मला विचारलं, "भाभी आपल्याकडं का येत न्हाई?" मी सगळं सांगितलं. पंचनामा, बाप, लुगडं. सुंदरानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि म्हणाली, "तुमी मला पंच म्हनून बलावलं तवा मी आली असती तर?" मी म्हटलं, "तरी मी मोठ्यानंच वाचलं असतं." ती म्हणाली, "मी तुमचं तोंड धरलं असतं." आणि खरंच, तिनं धरलं असतं.

हमीदाबी दर महिन्याला रक्षणगृहात जायची. भेटीचा परवाना लागायचा, तो ठाण्यातून मी लिहून द्यायचो. ती कागद घ्यायची, माझ्याकडं न बघता जायची. तिथं हौसाला ती बांगड्या भरायला शिकवत होती. हात कसा धरायचा, अंगठ्याचं हाड कसं दाबायचं, माप नजरेनं कसं ओळखायचं. सगळ्या मुली तिच्यापुढं हात करून बसायच्या म्हणे.

त्यानंतर मी कुठलाही पंचनामा पंचांच्या कानाशी वाकून वाचला. बायकांच्या प्रकरणात तर नावगाव वेगळ्या कागदावर, घडी घालून. नवे फौजदार चिडायचे, "राइटर, घसा बसलाय का?" मी म्हणायचो, "होय साहेब, बसलाय." दहा-बारा घरांच्या झडत्या पुढं मी लिहिल्या. सहा मुली आपापल्या घरी गेल्या, आणि त्यांच्या गावांना कधी काही कळलं नाही. हे मी अभिमानानं सांगतो. पण त्या प्रत्येकीच्या वेळी हौसा आठवली.

दोन वर्षांनी तिची एकवीस पुरी झाली. सुटकेचा हुकूम घेऊन मीच गेलो, मागून घेतलं ते काम. फाटकापाशी हमीदाबी आधीच येऊन थांबली होती. हौसा बाहेर आली. अंगानं भरली होती, नजर सरळ. मी ट्रंकेतून काढून आणलेलं लुगडं तिच्यापुढं धरलं. "तुझ्या आबांनी दिलं होतं. तेव्हाच." एवढं बोलायला मला दोन वर्षं लागली होती. पुढचंही बोललो. "पोरी, चूक माझी. मी मोठ्यानं वाचलं नसतं तर तू घरी असतीस."

ती लुगड्यावरून हात फिरवत राहिली. "ठावं हाय मला," म्हणाली. "भाभीनं सांगितलंय." राग आहे का माफी आहे, काही कळेना. मग तिनं विचारलं, "त्या कागदात काय लिवलंय?"

मी हळू आवाजात वाचून दाखवलं.

"आज चाकणचा बाजार हाय न्हवं?" ती म्हणाली. "तिथं वाचा. त्या दिशी वाचलं तसंच."

आम्ही तिघं एस्टीनं चाकणला आलो. हमीदाबीची बाजारातली जागा ठरलेली होती, सरूअक्काच्या घराच्याच रस्त्याला. हौसानं ते हिरवं लुगडं नेसलं नाही. त्याची घडी मोडली, जमिनीवर अंथरलं, आणि त्याच्यावर बांगड्या मांडल्या. लाल, हिरव्या, पिवळ्या. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "वाचा, राइटरसायेब. गावाचं नाव तेवढं गाळा. तिथं माझ्या बहिनी हायेत."

मी टोपी नीट केली. दोन वर्षांत पहिल्यांदा पूर्ण आवाज लावला. "हुकूम! सदर हौसा हिच्यावर कोणताही गुन्हा नाही. तिची एकवीस वर्षे पुरी झाली असून, ती आपल्या मर्जीप्रमाणे कोठेही राहण्यास, आणि पोटापाण्याचा कोणताही उद्योग करण्यास मोकळी आहे!" 'मोकळी'ला माझा आवाज फाटला. कांदेवाले थांबले, बैलवाले थांबले. गर्दी जमली, अगदी त्या दिवशीसारखी.

आणि सगळे नुसते बघत उभे राहिले. बायका होत्या, पुष्कळ होत्या. एकमेकींच्या कानाशी लागत होत्या. पण हात एकीनंही पुढं केला नाही. हमीदाबी बाजूला बसली होती, मुद्दाम हात मांडीवर ठेवून. हौसा समोर बघत होती. तिच्या हातात हिरवी बांगडी होती. मला वाटलं, झालं. पुन्हा एकदा माझ्या आवाजानं घात केला.

तेवढ्यात गर्दीतून भाजीची पिशवी घेऊन सुंदरा पुढं आली. तिला मी काही सांगितलेलं नव्हतं. ती बाजारालाच आली होती. पिशवी माझ्या हातात कोंबली, हौसापुढं मांडी घालून बसली आणि हात पुढं केला.

हौसानं तो हात हातात घेतला. एकदा दाबून बघितला. "सव्वादोन," म्हणाली.

"बरूबर हाय," सुंदरा म्हणाली. "भर डझनभर. अन् घाई करू नगंस, माझं हाड कडक हाय."

पूर्ण बाजारासमोर एकेक करून बारा बांगड्या चढल्या. एकही वाढली नाही. शेवटची चढली तशी सुंदरा उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि आपल्याहून दहा वर्षांनी लहान असलेल्या त्या पोरीला वाकून नमस्कार केला. हौसा गांगरली. मग हमीदाबीनं कोपरानं ढोसलं तशी तिनं सुंदराच्या डोक्यावर हात ठेवला आणि कसंबसं म्हणाली, "हात भरलेले राहू देत."

मागून एक म्हातारी म्हणाली, "आगं, माझ्या सुनंचंबी माप बघ." मग आणखी एक बसली. मी पिशवी धरून उभा होतो आणि गणवेशात रडत होतो, पण तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

सुंदरा निघताना हमीदाबीजवळ थांबली. "भाभी, आता तरी आमच्याकडं याल का?"

हमीदाबीनं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं, माझ्याकडं बघितलं, दोन वर्षांत पहिल्यांदा.

"मी कशाला?" ती म्हणाली. "तुमच्या घराला आता हौसा येईल."